तेल, फरशी आणि साक्षीचं रांगणं

पालथी घातली की साक्षी डाव्या पायाचा अंगठा जमिनीला टेकवायची, तीन सेकंद दाबायची आणि सोडून द्यायची. उजवा पाय या कामात भाग घेत नसे. आठ दिवसांच्या नोंदींवरून मी घरात जाहीर केलं की, रविवारी सकाळी ही पुढे सरकणार. पैज लावायचीही माझी तयारी होती.

घाई होतीच. इंदापूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचे. रजा दोनदा वाढवून झाली होती आणि सोमवारी रुजू झाले नाही तर जागा दुसऱ्या बाईंना देऊ, असं हेडमास्तरांनी कळवलं होतं. जाणार का, हे भिगवणच्या आमच्या गल्लीत प्रत्येकजण विचारून गेला. साक्षी रांगू दे, मग सांगते, असं माझं ठरलेलं उत्तर. खरं म्हणजे पोर सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या, हाती सोपवायचा मला धीर होत नव्हता. आत्यांनी पाच मुलं वाढवली होती. पण एकाचीही नोंद ठेवली नव्हती.

रविवारी आत्यांनी साक्षीला तेलानं रगडलं आणि गोधडीवर पालथं घातलं. मी गोधडी काढून घेतली. कापडाला घर्षण जास्त, फरशीवर कमी जोरात जास्त अंतर कापलं जाईल, असं समजावलंही.

"आधी न्हाऊ तरी घालू दे तिला," आत्या म्हणाल्या.

मी खुळखुळा हातभर पुढे ठेवला आणि घड्याळ घेतलं.

साक्षीनं हात पुढे रोवून जोर केला आणि ती मागे गेली. पुन्हा जोर केला, आणखी मागे. जितका जीव तोडावा तितका खुळखुळा लांब. मी वहीत वजा चिन्ह घालून अंतर लिहीत होते, तेवढ्यात ती ओल्या साबणाच्या वडीसारखी लोखंडी पलंगाखाली गेली आणि दोन ट्रंकांच्या मधे जाऊन रडू लागली.

पलंग उचलता येईना, कारण त्यावर ज्वारीची तीन पोती रचलेली. आमचे हे, बुद्धभूषण, पहिल्याच पोत्याला हात घालून कंबर धरून खाली बसले. गल्लीतल्या तिघी धावत आल्या, मागोमाग शेजारच्या करिमाभाबी. त्यांच्या घरी मासळीचा धंदा. त्यांनी मनापासून विचारलं की, जाळं आणू का.

मी पोटावर सरपटत आत शिरले. साक्षीचा दंड धरला, निसटला. पाय धरला, निसटला. प्रत्येक प्रयत्नात ती दोन बोटं आणखी आत. शेवटी मी मान वळवली आणि माझी वेणी पलंगाच्या स्प्रिंगात अडकली. आता मला फक्त भिंत दिसत होती.

"आता आधी कुणाला काढू?" बाहेरून आत्यांचा आवाज आला.

आत्यांनी गोधडी काठीनं आत सारली, पार साक्षीच्या हाताखाली. मग साठीची ती बाई पदर खोचून फरशीवर पालथी पडली आणि हळूहळू बोलू लागली. "ये गं माझी बाय. जोर लाव. तुझ्या आईला ऱ्हाऊ दे तितंच."

रडणं थांबलं. माझ्या कोपरावरून काहीतरी तेलकट, उबदार गेलं.

"किती सरकली?" मी भिंतीला विचारलं.

"सरकली न्हाय, रांगली. गुडघ्यावर. हितं माझ्या मांडीवर हाय."

आठ दिवस डोळ्यांत तेल घालून ज्याची वाट पाहिली, ते गल्लीतल्या चार बायकांनी पाहिलं आणि मी पाहिलं नाही. किती सेकंद लागले, तेही कुणी मोजलं नव्हतं. साक्षी हसत होती, एवढं मात्र ऐकू येत होतं.

"मग बाई, उद्याचं काय ठरलं?" करिमाभाबींनी विचारलं.

"उद्या नवाच्या एस्टीनं मी शाळेत जाते," मी पलंगाखालून म्हणाले. "आत्या, साक्षी तुमच्याकडं. पण त्याआधी कुणीतरी माझी वेणी सोडवा."