धोंडूनगरात संप

कॉम्प्युटरला धोंडू घाडीने हात लावायचा नाही, असं घरात ठरलेलं होतं. ठरवलं होतं त्यानेच. मुलीने, दमयंतीने, तो डबा आणून लालबागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला, तेव्हा "हे थेर माझ्या डोळ्यासमोर नकोत" असं म्हणून त्याने खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. पण खिडकीबाहेर बघितलं की त्याचं डोकं आणखी फिरायचं. समोर त्याची गिरणी होती. म्हणजे, होती. संपाला वीसेक वर्षं उलटली, गिरणी पुन्हा सुरू झाली नाही ती नाहीच, आणि आता तिच्या जागी काचेचा टॉवर चढत होता. धोंडू दर मजल्याला एक शिवी घालायचा. (हल्ली मजले इतके भराभर चढत होते की शिव्या पुरत नव्हत्या.)

शेवटी एका रविवारी सकाळी, त्या टॉवरपेक्षा डबा बरा, असं म्हणून त्याने खुर्ची परत आत फिरवली. पुढचं सगळं रामायण त्या खुर्चीमुळे झालं.

दमयंती गेम खेळत होती. सन एकवीसशे पन्नासमधलं शहर बांधायचं. ढगात घरं, उडत्या बसगाड्या, कामाला निम्मी माणसं आणि निम्मे यंत्रमानव. खेळणारा त्या शहराचा महापौर.

"काय करतेस?" धोंडूने विचारलं.

"जुना कारखाना पाडतेय, बाबा. तिथे मॉल टाकते."

तिने बटण दाबलं. कारखान्याची धूळ झाली, धुळीतून मॉल उगवला आणि आनंदाची पिपाणी वाजली.

"आणि त्यातली माणसं?"

"कुठली माणसं?"

"अगं, कारखाना होता ना? मग कामगार नव्हते?"

"होते. ते... जातात कुठेतरी. गेममध्ये दाखवत नाहीत."

धोंडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाडायचं बटण होतं. मॉल बांधायचं बटण होतं. वर पिपाणीसुद्धा होती! माणसांचं काय करायचं, एवढंच बटण त्या हरामखोरांनी ठेवलं नव्हतं. धोंडूचा राग इथे चुकीचा होता असं कोणी म्हणत असेल, तर त्याने खुशाल लालबागला येऊन त्या खिडकीत एक दिवस बसावं.

"ऊठ," तो दमयंतीला म्हणाला. "शहर कसं बांधतात ते मी दाखवतो."

आणि धोंडूनगर वसलं. दमयंती सकाळी अंधेरीला ऑफिसात गेली की महापौर बनियन-लुंगीवर खुर्चीत बसायचे ते ती परत येईपर्यंत. मॉल पाडले. बागा पाडल्या. जिथे तिथे कापडाचे कारखाने उभे केले, हवेत तरंगणारे, पण कारखानेच. कामगारांना घरं दिली ती आपल्याला माहीत होती तेवढ्याच मापाची, एका खोलीची, संडास मजल्याच्या टोकाला. (यंत्रमानवाला संडास लागतो की नाही, हा विचार महापौरांनी केला नाही.) आणि उत्पादनाचा काटा जरा खाली आला की पाळी वाढवायची. तिसरी पाळी झाली. मग रविवारची सुट्टी गेली. काटा वर गेला की धोंडू मांडीवर थाप मारायचा.

त्याची बायको शेवंती हे सगळं भाजी निवडता निवडता बघत होती. ती बोलत काहीच नव्हती. या बाईने संपाच्या काळात याच खोलीत खानावळ चालवून घर जगवलं होतं. त्यामुळे ती गप्प असली की शहाण्या माणसाने घाबरावं. धोंडूला तेवढी फुरसत नव्हती.

आठवडा गेला आणि एका संध्याकाळी कारखान्यांवर लाल बावटे फडकले. उडत्या बसगाड्या हवेत जिथल्या तिथे थांबल्या. पडद्यावर इवल्या इवल्या मुठी वर गेल्या आणि खाली इंग्रजीत काहीतरी उमटलं.

"हे काय लिहिलंय?" धोंडू ओरडला.

दमयंती नुकतीच घरी आली होती. तिने वाचलं आणि ओठ चावला. "बाबा, तुमच्या कामगारांनी संप पुकारलाय. तिसरी पाळी बंद करा, सुट्टी द्या, घरं मोठी द्या, म्हणतात."

"संप? माझ्या शहरात?" धोंडू खुर्चीतून उठलाच. "माजलेत साले! पोटाला मिळतंय म्हणून हे सुचतंय. उपाशी ठेवा चार दिवस, येतील गुमान आत!"

शेवंती विळीवर बोंबील कापत होती, ती थांबली.

हे वाक्य तिने एकदा ऐकलं होतं. शब्दन् शब्द. गिरणीच्या गेटवर मॅनेजर बोलला होता आणि ती नवऱ्याचा डबा घेऊन गर्दीत उभी होती. त्या दिवशी धोंडू त्या मॅनेजरच्या अंगावर धावला होता आणि चौघांनी त्याला धरून ठेवलं होतं.

शेवंतीने विळी मिटली. बोंबील झाकून फ्रिजमध्ये ठेवले, हात धुतले, गॅस बंद केला.

"काय झालं?" धोंडूने विचारलं.

"संप," शेवंती म्हणाली. "तुमच्या त्या माणसांका माझो पाठिंबो आसा. त्यांच्या मागण्या मान्य होयपर्यंत चूल बंद."

"अगं, ती खरी माणसं नाहीत!"

"मॅनेजराक आमी तरी खंय खरी वाटायचो?"

दमयंतीने आईच्या शेजारी बसकण मारली. "माझाही पाठिंबा." (तिला ऑफिसात कॅन्टीन होतं. पाठिंबा द्यायला तिचं काय जात होतं!)

"मागण्या मान्य केल्या तर शहर बुडेल!" धोंडू गरजला.

"मालकपण तसाच बोलायचे," असं म्हणून शेवंती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोटात आग पडली, तेव्हा शेजारच्या राधाबाई कालवण-भाताचं ताट झाकून घेऊन आल्या. बातमी अर्थातच अख्ख्या मजल्याला कळली होती. आता या राधाबाई म्हणजे लवूची बायको. लवू कोण, तर धोंडूच्याच गावचा, गिरणीत त्याच्याच खात्यातला, आणि संपात मधेच फुटून कामावर गेलेला. 'आत गेलेला.' त्या दिवसापासून धोंडू लवूशी एक शब्द बोलला नव्हता. बोलायचा तो गॅलरीत उभा राहून, हवेशी, लवूला ऐकू जाईल अशा बेताने. गद्दार, फितूर, मालकाचा कुत्रा. लवू पेपर वाचत बसायचा. बायकांचं मात्र या सगळ्यात वाटी-पातेलं सुखाने चालू होतं.

ताटातून कोकमाचा वास आला. धोंडूच्या तोंडाला पाणी सुटलं. आणि नेमकं तेव्हाच त्याच्यातला जुना कार्यकर्ता जागा झाला. घरात संप चालू असताना बाहेरच्या बाईच्या हातचं जेवायचं म्हणजे काय? बदली कामगार लावून संप फोडायचा!

"राधाबाई, ताट परत न्या," तो छाती काढून म्हणाला. "ही बदली भरती झाली. या धोंडू घाडीने जन्मात संप फोडलेला नाही. फुटायची परंपरा तुमच्या घरात."

राधाबाईंनी ताट उचललं आणि त्या गेल्या. भिंतीकडे तोंड करून पडलेली शेवंती पहिल्यांदाच वळून नवऱ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत किंचित कौतुक आहे असं धोंडूला वाटलं आणि त्याची आणखीच पंचाईत झाली. आता माघार कशी घेणार? गेली वीस वर्षं त्याच्याकडे गिरणी नव्हती, नोकरी नव्हती. होती ती एवढीच एक गोष्ट, की बाकीचे गेले, पण धोंडू आत गेला नाही.

संध्याकाळपर्यंत त्याला पडद्यावरचे बावटे तळलेल्या मांदेलीसारखे दिसायला लागले. तो शर्ट चढवून बाहेर पडला. लालबागला खायची सोय नव्हती, इथे प्रत्येक गाडीवाला त्याला नावाने ओळखत होता. म्हणून तो तरातरा चालत पार चिंचपोकळी स्टेशनच्या पलीकडे गेला. एका गाडीवर वडापाव घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि खाल्ला. मग दुसरा. मग मोजायचं सोडून दिलं. खाताना त्याला शेवंतीचा राग येत होता, त्या यंत्रमानवांचा येत होता आणि सगळ्यात जास्त त्या वड्याचा, कारण वडा फार चांगला होता.

"काय मगे धोंडू?" मागून आवाज आला. "गेलंस आत?"

लवू होता. हातात त्याच्याही वडापाव.

धोंडूच्या तोंडात घास तसाच राहिला.

"मी पोरांच्या पोटासाठी गेल्लंय रे," लवू म्हणाला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. नुसतं विचारल्यासारखं त्याने विचारलं, "तुझ्या घरात कोण उपाशी होता?"

धोंडूला लाज वाटली. भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा संताप आला. तो कोणावर काढावा हे कळेना, कारण समोर फक्त लवू होता आणि लवूवरचा संताप तर संपलेला दिसत होता. शेवटी वीस वर्षांनी तो लवूशी पहिलं वाक्य बोलला, ते असं: "कुणाला सांगू नकोस."

"नाय सांगणार," लवू म्हणाला. "फुटलेल्याक लोक काय काय बोलतत, ता माका ठावक आसा."

घरी येऊन धोंडू तडक कॉम्प्युटरसमोर बसला. "दमे, सगळ्या मागण्या मान्य कर."

"सगळ्या?"

"सगळ्या! आणि संडास घरात दे."

दमयंतीने बटण दाबलं. बावटे उतरले, बसगाड्या सुरू झाल्या. शहर बुडालंबिडालं काही नाही. उलट पिपाणी वाजली.

शेवंती उठली. तिचे डोळे भरून आले होते. "माका ठावक होता," ती म्हणाली, "तुमी बदललास नाय. कालपासून उपाशी रवलास, पण राधाबाईच्या ताटाक हात लावलास नाय." तिने गॅस पेटवला. बोंबील तळायला घेतले, डाळ टाकली, भाताचं मोठं पातेलं चढवलं. मग पदराला हात पुसत दाराशी जाऊन तिने हाक मारली, "राधाबाई, भावोजींका घेवन येवा! संप मिटलो. आज सगळी एकत्र जेवया."

लवू आला. धोंडूच्या समोरच मांडी घालून बसला. शेवंतीने नवऱ्याचं ताट असं भरलं की काठ दिसेना. धोंडूच्या पोटात वड्यांनी मजल्यावर मजला चढवला होता. त्याने कसाबसा घास घेतला. गिळला. दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, ते शेवंतीला भुकेचं वाटलं. निम्मं ताट संपवून त्याने हळूच हात आडवा धरला.

"बस?" शेवंती घाबरली. "बरा नाय वाटत काय?"

"छे, लाजता तो," लवू म्हणाला. त्याचा चेहरा देवळातल्या पुजाऱ्यासारखा शांत होता. "वाढा वहिनी, वाढा. कालपासून पोटात अन्नाचो कण नाय बिचाऱ्याच्या."

धोंडूने मान वर केली. वीस वर्षांची प्रत्येक शिवी एकदम त्याच्या ओठांवर आली, पण तोंडात भात होता.

"आणि ते बोंबील, वहिनी," लवू म्हणाला. "माझ्या वाट्याचेपण त्याकाच."