डॉक्टर बोंदरेंचं तयार उत्तर

डॉक्टर बोंदरे ताटात वाढलेला भात आधी पसरवतात, मग खातात. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा वरणाची वाटी बाजूला सारून भातावर वाकले आणि म्हणाले, "वहिनी, दोन काळे सुटले. मिलवाल्याची सेटिंग हलली."

"मग उद्यापासून निवडायले तुम्हीच येत जा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माणूस दारात हजर! टोमणा त्यांना समजतच नाही.

तात्यापारा या आमच्या हिंदीभाषी मोहल्ल्यात, आमच्या घराच्या वरच्या खोलीत ते एकटेच राहतात. मूळचे भंडाऱ्याकडचे. आमच्या खानदानात बी.ए. झालेला मी पहिला, आणि ते मी कोणी न विचारताही सांगतो. त्यामुळे पाटीवर 'डॉ.' लावणारा भाडेकरू मिळाला तेव्हा मोहल्लाभर मिरवलं. झालं काय, शेजारची अम्मा दुखरा गुडघा घेऊन आली. हे म्हणाले, "अम्मा, मैं रोशनी का डॉक्टर हूँ."

"हव बेटा, त मोर आँखी ला देख दे!" गुडघा सोडून अम्माने डोळे पुढे केले.

प्रकाश बारीक कणावर पडला की कसा पसरतो, यावर त्यांनी पीएच.डी.साठी सहा वर्षं घालवली. कॉलेजातली नोकरी काही लागली नाही. आता तांदूळ निवडायच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहेत. दाणे घसरत येतात, कॅमेरा पाहतो, काळा दाणा दिसला की हवेची फुंकर त्याला उडवते. काळा कोणता, हे कॅमेऱ्याला शिकवायचं काम यांचं. मिलमालक त्यांना 'मशीनवाले भैया' म्हणतात. मला विचाराल तर हे डोक्याचं काम आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते लाजायचे.

मागच्या महिन्यात नागपूरहून निरोप आला. त्यांचे गाईड निवृत्त होणार होते, जुने विद्यार्थी जमणार होते. डॉक्टरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"भाऊ, सगळे प्रोफेसर झाले. सर विचारतील, काय करून राहिला तू? काय सांगू?"

"खरं सांगा. चोरी करून राहिले का तुम्ही?"

मग त्यांनी लांबलचक उत्तर लिहून काढलं, पाठ केलं, दारापुढच्या ओट्यावर उभं राहून तीनदा म्हणून दाखवलं. माझी पोट्टी म्हणाली, "अंकल, अच्छा है, पर सर को खाना भी खाना होगा!"

इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा मी ओट्यावरच खुर्ची टाकून बसलो होतो. "काय म्हणाले सर?"

"शाल घेतली. पाठीवर हात ठेवला. खुश होते." बॅग अजून खांद्यावरच होती. "सगळे आपापल्या कॉलेजचं सांगून राहिले होते. मले कोणी विचारलंच नाही, भाऊ."

मग मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

"काय डॉक्टर, काय करून राहिले आजकाल?"

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी बॅग खाली ठेवली, कॉलर नीट केली आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"सर," त्यांनी सुरुवात केली.