राखीव खुर्चीवरचं सुवर्णपदक

राज्यशास्त्रात विद्यापीठात पहिली आलेल्या मुलीला बराच काळ चपला झिजवल्यावर सत्तेच्या अगदी जवळची जागा मिळाली. पक्ष कार्यालयाने तिची ‘हंगामी खुर्चीरक्षक’ या पदावर नेमणूक केली. साहेब कार्यक्रमाला नेहमी उशिरा येत. तोवर मधल्या खुर्चीत तिने बसायचं आणि गाडीचा आवाज आला की उठायचं. पूर्वी हे काम एक रुमाल करत असे, पण लोक तो उचलून बसत, असा अनुभव होता.

“शेजारीण विचारते, मुलगी काय करते? बसते म्हणून सांगू?” आई म्हणाली.

“कायम होईपर्यंत काही सांगूच नकोस.”

वर्षभर वेळेवर उठलीस तर कायम, असं सचिवांनी तोंडी सांगितलं होतं. ती झटकन उठायची. विद्यापीठाच्या सुवर्णपदकावरून कार्यालयात तिला सगळे ‘पदक’ म्हणू लागले.

साहेबांचा उशीर मात्र वाढत गेला. लोक गाऱ्हाणी घेऊन येत, आणि गाऱ्हाणं माणसापुढे नव्हे, खुर्चीपुढे मांडायचं असतं. एका म्हाताऱ्याने हात जोडले, “ताई, आमच्या गल्लीत नळाला थेंब नाही हो.” पदकला राहवलं नाही. तिने पाणीखात्यात फोन लावला. “साहेबांच्या खुर्चीवरून बोलतेय,” ही तर निव्वळ वस्तुस्थिती होती. संध्याकाळी पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब वेळेवर आले. कार्यकर्त्यांची पाचावर धारण बसली.

“पोरी, तुला खुर्ची राखायला ठेवली होती. काम करायला कोणी सांगितलं?”

“पण साहेब, लोकांचं...”

“लोकांना सवय लागली तर निस्तरणार कोण? तू?”

‘कर्तव्यात कसूर’ असा शेरा मारून तिला काढलं. तिला ते फार लागलं. त्या तिरीमिरीत ती साहेबांविरुद्ध निवडणुकीला उभी राहिली आणि प्रचाराला आधी त्याच गल्लीत गेली. म्हातारा नळाखाली भरत आलेली बादली तशीच सोडून धावत आला.

“ताई, तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही. पण मत साहेबांनाच हं. तुम्ही पाणी सोडलंत, खरं आहे. बंद करणारे तेच ना?”

तिची अनामत जप्त झाली. आता ती विद्यापीठात तासिका तत्त्वावर ‘जनमत’ शिकवते. पहिल्याच तासाला ती या म्हाताऱ्याची गोष्ट सांगते आणि मुलं खदखदून हसतात, आत्ता तुम्ही हसलात तशीच. मग ती विचारते, “त्या दिवशी मत कोणी दिलं होतं?” मुलं खिडकीबाहेर बघू लागतात. मतदान शुक्रवारी होतं, पुढे शनिवार-रविवार जोडून आले होते. म्हातारा काठी टेकत रांगेत उभा होता.

तुम्ही कुठे गेला होतात?