उंबऱ्यापाशी ठेवलेला दहीभात

शेजारच्या खोलीतून त्या संध्याकाळी भांड्याचा आवाज आला नाही, आणि गुरुप्रसाद अस्वस्थ झाला. दुपारीच लांज्याकडून एक म्हातारी एकटी येऊन तिथे उतरली होती. सोनूबाई तिचे नाव. दुसऱ्या दिवशी तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल व्हायचे होते आणि मुंबईचा मुलगा परस्पर तिथेच येणार होता. भिंत इतकी पातळ होती की तिचा सुस्कारासुद्धा अलीकडे ऐकू येई. स्टोव्ह मात्र पेटला नव्हता.

गुरुप्रसाद मिरजोळ्याच्या एका कारखान्यात कारकून होता. रिक्षात ‘इथेच थांबवा’ म्हणण्याचा धीर न झाल्यामुळे पुढे जाऊन उतरणारा आणि मग मागे चालत येणारा असा तो तरुण होता. परक्या माणसाला ‘जेवलात का?’ असे विचारणे त्याच्या शक्तीपलीकडचे होते. परंतु कुणीतरी उपाशी निजते आहे, ही जाणीव काळोखासारखी हळूहळू त्याच्या खोलीत भरू लागली, तेव्हा त्याने भात शिजवला, त्यात दही कालवले, एक अंडे उकडले. म्हातारीला दिसत नाही म्हणून ते सोललेही. बाजूला लिंबाची फोड आणि तळलेली लाल मिरची ठेवली.

ताट दिले तर ते परत मागावे लागेल, म्हणजे बोलावे लागेल. म्हणून त्याने मागीलदारच्या केळीचे पान कापले. तेवढ्यात वीज गेली. अंधारात म्हातारीचा पाय पानावर पडेल, या काळजीने त्याने तिच्या उंबऱ्यापाशी मांडलेल्या पानाशेजारी एक पणती लावून ठेवली. मग तिची कडी वाजवली आणि आपल्या खोलीत पळून जाऊन दार लावून घेतले. छातीत धडधडत होते. पण त्या धडधडीत एक कोवळा आनंदही होता.

सकाळी तो जागा झाला, तो नम्रतावहिनींच्या किंकाळीने. वहिनी वरच्या मजल्यावर राहत.

“तात्या! ओ तात्या! धावा! म्हातारीच्या दारात उतारा ठेवलान कोणीतरी!”

घरमालक केरूतात्या धोतर सावरत आले. त्यांच्या पाठोपाठ, सोनूबाईंना इस्पितळात न्यायला आलेला रिक्षावाला निलेशही आला. गुरुप्रसादने दाराच्या फटीतून पाहिले. दहीभात, लिंबू, लाल मिरची, विझलेली पणती. दिवसाच्या उजेडात ते पान त्याला प्रथमच इतरांच्या डोळ्यांनी दिसले. एखाद्याचे दुखणे उतरवून तिठ्यावर ठेवतात, ते नेमके असेच असते.

“आणि काल अवस होती!” वहिनी म्हणाल्या.

“निम्मा भात खाल्लेला हाय,” तात्या वाकून म्हणाले.

“कुत्र्यानं खाल्लान असेल,” निलेश म्हणाला.

“कुत्रा लिंबू पिळतो काय रे मेल्या?” वहिनी खेकसल्या. “ आणि ह्या बघ, अंड्याचा पिवळा बाजूला काढून ठेवलान!”

“म्हणजे पथ्यावरचा भूत हाय,” निलेश पुटपुटला. पण तोही दोन पावले मागे सरकला.

सोनूबाई चौकट धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पानाच्या देठासारखा फिकट पडला होता.

“तात्यानू,” त्यांनी हळूच विचारले, “असला कोणी... चुकून खाल्लान, तर काय होता हो?”

“काय होतंय? ज्याचा उतरवला त्याची सगळी पीडा खाणाऱ्याच्या अंगात. पुढची अवस बघत नाय तो.”

सोनूबाईंचा हात पोटाकडे गेला. गुरुप्रसादने ते पाहिले, आणि त्याला सारे उमगले. रात्री कुणी भल्या माणसाने दिले म्हणून ती जेवली होती, उरलेले पान गाईसाठी बाहेर ठेवून निजली होती, आणि आता आपण मरण जेवलो असे तिला वाटत होते.

“निलेशबाबा,” त्या म्हणाल्या, “रिक्षा इस्पितळाकडं नको. स्टँडवर सोड मना. मी घराकडं जातंय. मरायचा तर आपल्या दारात.”

“आणि डोळा?”

“आता डोळा घेऊन काय बघू?”

गुरुप्रसाद बाहेर आला. बोलायचे होते, पण ‘मीच ठेवला’ हे शब्द ओठांवर येताच, आयुष्यभर आपल्याकडे लोक कसे पाहतील ते त्याला दिसले. करणी करणारा कारकून. खोली जाईल, कारखान्यात कळेल, गावी आईला कळेल. तो वहिनींच्या मागे जाऊन उभा राहिला.

“घाबरू नको गो बाय,” तात्या म्हणाले. “मी आधी गाऱ्हाणा घालतंय.”

गावच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान तात्यांच्या घराण्याकडे होता. देवापुढे सर्वांच्या वतीने मागणे मांडायचे, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी होकार भरायचा. नम्रतावहिनींनी नारळ आणला. तात्यांनी डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! ही बाय लांबून डोळ्यासाठी आली हाय, तिला सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. गुरुप्रसादही म्हणाला, त्यात त्याचा पूर्ण जीव होता.

“ज्या कोणी हा उतारा ठेवलान, त्याचा त्याच्यावर उलटू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गुरुप्रसादचे ओठ हलले.

“त्याचा हात झडू दे, त्याची वाचा बसू दे, त्याच्या घरात कधी मुंडावळ्या बांधायचा योग येऊ नको दे रे म्हाराजा!”

गुरुप्रसादच्या लग्नाची बोलणी नुकतीच सुरू झाली होती. पण त्या क्षणी त्याने पाहिले ते सोनूबाईंकडे. त्या होकार भरत नव्हत्या. अन्न दिलेल्या हाताला शाप द्यायला त्यांची जीभ रेटत नव्हती. त्या नुसत्या रडत होत्या.

“नाय म्हाराजा!” गुरुप्रसाद ओरडला.

गाऱ्हाण्याला नकार आजवर कुणी ऐकला नव्हता.

“मी ठेवला,” तो म्हणाला. “उतारा नाही, जेवण होतं. त्या जेवल्या नव्हत्या. पणती... पाय पडू नये म्हणून.”

“मग हाक मारायला काय तोंड शिवलेला होता?” वहिनी कडाडल्या.

“लाज वाटली.”

तात्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. “जेवण हाय ना? मग बस. खा उरलेला.”

गुरुप्रसाद पानासमोर बसला. भात त्याने स्वतः धुतला होता, दही स्वतः आणले होते. तरीही त्याने उचललेला घास परत पानावर ठेवला. इतकी माणसे इतक्या खात्रीने भिताना पाहिल्यावर, आपल्याच भाताची त्याला भीती वाटली. डोळे मिटून त्याने घास तोंडात टाकला. मिरचीचा तुकडा घशाशी लागला आणि त्याला जोराचा ठसका आला. निलेश अंगणाबाहेर धावला.

ठसका थांबला. गुरुप्रसाद जिवंत होता. सोनूबाई खाली बसल्या आणि चाचपडत त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “रात्री बोलायला कोण नव्हता म्हणून आता सांगतंय. भातात मीठ घालायला इसरलास.”

सगळे त्यांच्याकडे वळले. मग निलेश परत आला आणि म्हणाला, “आजी, पिवळा का टाकलात ओ?”

“मना वात होतो.”

तात्या मात्र नारळ हातात धरून तसेच उभे होते. सुरू केलेले गाऱ्हाणे अर्धवट सोडता येत नाही आणि दिलेला शापही परत घेता येत नाही. फार तर पुढे वळवता येतो. त्यांनी घसा खाकरला.

“बा देवा म्हाराजा! ह्या पोराची वाचा आधीच बसलेली हाय, ती आता उठू दे रे म्हाराजा! बाकीचा काय बोललो ता इसर, आणि ह्याला भातात मीठ घालणारी लवकर मिळू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सोनूबाई सगळ्यांच्या आधी म्हणाल्या.

गुरुप्रसादच्या तोंडात घास होता. त्याने नुसती मान हलवली.