बेसिनच्या पाइपातला पाषाण

संचालकांच्या टकलावर पाण्याचा पहिला थेंब पडला, तो त्यांनी घाम समजून पुसला. दुसराही पुसला. तिसऱ्याला मान वर केली आणि तो नेमका डोळ्यात गेला. त्यांच्या खोलीच्या बरोबर वर, प्रयोगशाळेत, झिपरी तुंबलेल्या बेसिनसमोर उभी होती आणि पाणी तिच्या चपला घेऊन दाराकडे निघालं होतं.

झिपरी तिथली शिकाऊ विद्यार्थिनी. तिथलं काम ऐकूनच मती गुंग व्हावी. धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड वायू खोल खडकात नेऊन कोंडायचा. आणि तिथे, मैलभर खाली, ऊन म्हणजे काय हे ठाऊक नसलेले जे सूक्ष्मजीव राहतात, त्यांना लाडीगोडी लावून त्या वायूचा दगड करून घ्यायचा. एकदा दगड झाला की वायू पुन्हा वर यायचं नाव घेत नाही. झिपरीला शिकवणाऱ्या सरांनी या जिवांच्या मिनतवाऱ्या करण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. बरण्यांत ऊब दिली, अंधार दिला, खनिजं चारली. दगड सोडाच, वाळूचा कणही हाती लागला नव्हता.

प्रशिक्षणाचा पहिला नियम असा, की बरणीतलं उरलेलं पाणी वाफेच्या भांड्यात शिजवून जीव मारायचे, मगच ओतायचं. तसंच ओतेल त्याने सामान बांधायचं.

झिपरीचा हात धजेना. लाखो वर्षं काळोखात उपाशीपोटी तग धरलेल्यांना कुकरमध्ये घालायचं? बेसिनचा पाइप शेवटी जमिनीतच जातो, म्हणजे त्यांच्या माहेरीच, असा हिशेब करून ती त्यांना गुपचूप सोडून देई. वर शिदोरी म्हणून दूध. कारण ती राहायची मावशीकडे, आणि मावशीचा दंडक होता की दुधाचा भरला डबा न्यायचा, रिकामा आणायचा. झिपरीला दुधाचा वासही सोसत नसे. पण रिकामा डबा बघून मावशी शेजारणींना कौतुकाने सांगे, पोरीने अंग धरलंय.

मग एके दिवशी बेसिनमधलं पाणी पाइपातून सावकाश उतरू लागलं. झिपरीने तार घातली, ती अडकली. तार सुटावी म्हणून उकळतं पाणी ओतलं, ते तसंच वर साचून राहिलं. घाईत नळ बंद करायला गेली तर त्याची मूठच हातात आली. पुढचं संचालकांना विचारा.

प्लंबर आला. त्याची सळई वाकली. पाइप कापताना करवतीचे दात गेले. "ताई, यात सिमेंट कोणी ओतलं?" त्याने घाम पुसत विचारलं.

तुकडा टेबलावर ठेवला, तसे सगळे त्यावर वाकले. पाइप गच्च भरला होता. पांढरा, नितळ दगड. झाडाच्या खोडासारखे एकात एक पदर, आणि मधोमध ती तार, जणू जन्मापासून तिथेच असावी. सरांनी त्यावर आम्लाचा थेंब सोडला. दगड फसफसला. कोंडलेला वायू इवल्या बुडबुड्यांनी बाहेर डोकावत होता. वर धावत आलेले संचालक ओल्या डोक्याने बघत राहिले. सर खुर्ची शोधायचं विसरून सरळ पाण्यातच बसले.

"हे कोणी केलं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

झिपरीने मनात तोलून पाहिलं. खरं सांगावं तर सामान बांधायचं. गप्प बसावं, तर हा दगड पुन्हा कधी कोणाला जमायचा नाही.

"त्यांनी," ती बरण्यांकडे बोट दाखवत म्हणाली. "मी नुसतं न शिजवता सोडलं त्यांना. आणि मावशीने डब्यात दिलेलं दूध पाजलं."

सरांनी दगडावरून बोट फिरवलं. "नियम मोडलास. आता शिक्षा भोग. रोज तेच दूध, त्याच डब्यातून, त्याच हातांनी तापवलेलं आणायचं. काडीचाही फरक चालणार नाही." आणि कसं तापवतात हे विचारायला त्यांनी तिच्यादेखत मावशीला फोन लावला.

फोनवर मावशीचं समाधान होईना. ती स्वतःच आली, डबा घेऊन. झिपरी कपाटाआड सरकली. सरांनी तो तुकडा दोन्ही हातांनी मावशीच्या हातात दिला आणि भारावून सगळं सांगून टाकलं, काही म्हणजे काही न वगळता. मावशीने तो उचलून पाहिला, बोटाने टकटक केलं, कानाला लावला.

"घसा फोडून सांगत होते, दुधाने हाडं बळकट होतात," ती कपाटाकडे बघत म्हणाली. "पाइपाला कळलं, तुला नाही कळलं."

मग तिने दोन पेले भरले. एक सरांना दिला, नव्या पाइपासाठी. दुसरा घेऊन ती कपाटाआड गेली, आणि तो रिकामा होईपर्यंत अख्खी प्रयोगशाळा श्वास रोखून उभी होती.