तिसऱ्या नळीचं पथ्य

शनिवारी सकाळी सातला सुरुचीने फ्रिज उघडला, थर्माकोलच्या डब्यातल्या नळ्या मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. पाच हव्या होत्या, चारच होत्या. नव्हती ती नेमकी तिसरी, तेराव्या दिवसाची.

उंदरिणीच्या पोटातल्या पिल्लांचं लिव्हर कसं घडतं, यावर सुरुचीची पीएच.डी. चालली होती. अकराव्या ते पंधराव्या दिवसाच्या पिल्लांच्या लिव्हरमधल्या पेशी तिने सुट्या करून दिवसागणिक एकेका नळीत भरल्या होत्या. त्यांतल्या मूळ पेशी ओळखणारं मशीन मुंबईत एका संस्थेत होतं आणि तीन महिने मागे लागल्यावर तिला आज अकराची वेळ मिळाली होती. लॅबचा फ्रिज ऐन वेळी रुसला, म्हणून काल नळ्या चंदेरी कागदात गुंडाळून तिने एव्हरशाईन सिटीतल्या घरी आणल्या. उंदराचं नाव काढलं असतं तर सासूबाईंनी फ्रिज गंगाजलाने धुतला असता. त्यामुळे ती एवढंच म्हणाली होती, "लिव्हरचं आहे. हात लावू नका."

"आई, यातली एक नळी कुठे गेली?"

सासूबाई, जयवंतीबाई, शांतपणे चहा गाळत होत्या. "केळीवाल्या जिजाला दिली. काल संध्याकाळी गिरीजच्या वाडीतून केळी घेऊन आली होती. तिच्या नवऱ्याचं, शत्रुघ्नचं, लिव्हर दारूने बिघडलंय ना."

"अहो, ते औषध नाहीये!"

"लिव्हरचं म्हणालीस तू."

"आणि मधलीच का दिलीत?"

"कडेची काढली असती तर तुझ्या लगेच लक्षात आलं असतं."

मूळ पेशी तेराव्या दिवशीच सगळ्यात जास्त असतात, हेच तर सुरुचीला सिद्ध करायचं होतं. ती नळी गेली तर प्रबंध वर्षभर लांबणार. आणि त्यातलं पेशी टिकवणारं रसायन शत्रुघ्नकाका प्यायले असले तर प्रबंध राहिला बाजूला. जिजा फोन उचलेना. डबा काखेत मारून सुरुचीने रिक्षा पकडली.

गिरीजला वाडीच्या तोंडाशी शत्रुघ्नकाका केळींना पाणी सोडत होते. अंघोळ झालेली, भांग पाडलेला.

"काका, ती नळी प्यायलात?"

"नाय गो. जयवंतीतायनी पथ्य दिलंय. रविवारी, सूर्य उगवायच्या आत, अनशापोटी. तोवर दारू बंद, तेलकट बंद."

सासूबाईंना मनातल्या मनात वाकून नमस्कार करावा असं सुरुचीला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं. पथ्याशिवाय औषध त्यांना मान्यच नव्हतं. खोकल्याच्या गोळीवरही त्या तीन दिवस दही बंद करायच्या.

स्वयंपाकघरात जिजाने फ्रिजमधून, बोंबलांच्या पिशवीमागून, नळी काढून दिली. चंदेरी कागद जसाच्या तसा होता. सुरुचीने तिला हळूच सगळं खरं सांगितलं.

"उंदराच्या पिलांचं?" जिजाने हात पदराला पुसले. मग दाराकडे बघत म्हणाली, "ह्यांना सांगू नको, बाय. बारा वर्सांत पयल्यांदा शुक्रवार कोरडा गेला. नली गेली की संध्याकाळी उठून गुत्त्यावर जातील."

सुरुचीने पर्समधली एक रिकामी नळी काढली, माठातलं पाणी भरलं आणि वर चंदेरी कागद गुंडाळून ती बोंबलांच्या पिशवीमागे ठेवली.

ती बाहेर आली तेव्हा काका पायरीवर बसले होते. "उद्याच घेयाची ना?"

पुराव्याशिवाय एक वाक्य न लिहिणारी सुरुची म्हणाली, "नाही काका. आईंचा हिशेब चुकला. तेरा रविवार पथ्य पाळायचं, मगच नळी. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवायच्या."

काकांनी बोटांवर रविवार मोजले. मोजता मोजता ते थांबले आणि एकदा जिजाकडे, एकदा सुरुचीकडे बघून म्हणाले, "तेरा रविवार दारू नाय, म्हंजे लिवर तसंच बरं व्हनार. मंग ही नली प्यायची कशाला?"

"नाही प्यायलात तरी चालेल," रिक्षात बसता बसता सुरुची म्हणाली. "फक्त फ्रिजमध्ये राहू द्या."