देणाऱ्याचं नाव आधी

संस्था जन्माला येते घटनेने, वाढते अहवालाने आणि अमर होते वेबसाइटने. हे वाक्य कुणा थोर माणसाचं नाही, माझंच आहे. पण बैठकीत मी ते थोर माणसाच्या आवाजात म्हटलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

मी सहादेव, बोरमळा ग्रामविकास मंडळाचा चिटणीस. आमचं मंडळ संगमनेर तालुक्यात गेली बत्तीस वर्षं कार्यरत आहे. (कार्यरत म्हणजे बैठका होतात.) मंडळाचं वाचनालय आहे, मंगल कार्यालय आहे, आणि व्यायामशाळाही आहे, जिच्यात सध्या मंगल कार्यालयाच्या सतरंज्या व्यायाम करतात. एवढा सगळा पसारा असून वेबसाइट मात्र नव्हती. अशात शेजारच्या गावच्या भजनी मंडळाची वेबसाइट झाली आणि ती उघडली की टाळ आपोआप वाजतात, अशी बातमी आली. आमचे अध्यक्ष भिमाजी आण्णा यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मग सावेडीहून पार्थ नावाचा वेबसाइटवाला पोरगा बोलावला. तो आला आणि म्हणाला, "कंटेंट द्या." आम्ही चहा दिला. चहा पिऊन पुन्हा म्हणाला, "कंटेंट द्या." आमच्याकडे उद्घाटनांचे फोटो होते, पण सगळ्या फोटोंत मधोमध आण्णा आणि कडेला अर्धेमुर्धे लोक, तेवढ्यावर वेबसाइट कशी भरायची? पार्थ डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात त्याचं लक्ष ग्रंथपाल हनुमंताच्या कॉम्प्युटरकडे गेलं. लॉकडाऊनमध्ये हनुमंताने वाचनालयातली चार हजार पुस्तकं त्यात भरून ठेवली होती. नाव, लेखक, विषय, साल, कोणी घरी नेलं, कधी परत आणलं, सगळं रकान्यारकान्यांत.

"काका, हे तर सोनं आहे!" पार्थ ओरडला. "एकदा भरलेली माहिती पुन्हा कशाला भरायची? हीच वेबसाइटकडे वळवू. पानं आपोआप तयार होतील."

आण्णांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण शेतीतलं सगळं कळतं. ते म्हणाले, "म्हंजी मोटार तीच, फकस्त पाईप दुसरीकडं फिरवायचा."

एवढं शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण मी आजवर ऐकलेलं नाही.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे देणारा आणि दिलेली वस्तू यांची कधी ताटातूट होऊ देत नाहीत. शाळेतला पंखा असो, स्टँडवरचा बाक असो, स्मशानातली शेड असो, देणाऱ्याचं नाव आधी रंगवायचं, मग वस्तू जागेवर बसवायची. (पंख्याच्या पात्यावरचं नाव फक्त लाइट गेल्यावर वाचता येतं. लोडशेडिंगच्या कृपेने आमच्या गावातले दाते सर्वांना तोंडपाठ आहेत.) पुस्तकंही गावात देणगी म्हणूनच येतात. हनुमंत कॉम्प्युटर भरायला बसला तेव्हा अडचण अशी आली, की त्यात देणगीदाराचा रकानाच नव्हता, आणि लेखकाचा रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नव्हता. हनुमंत नियमाचा माणूस. त्याने विषय बैठकीत ठेवला. आण्णा म्हणाले, "लेखकाचं नाव पुस्तकावर छापल्यालं असतंय की. त्येला दोनदा कशाला? जो देतो त्याचं घाला." या युक्तिवादात खोट काढणारा माणूस बैठकीत निघाला नाही. मला तर अजूनही सापडलेली नाही.

तर गुढीपाडव्याला वेबसाइट सुरू झाली आणि 'आमचे साहित्यिक' हे पान, पार्थने सांगितलं तसं, आपोआप तयार झालं.

बोरमळ्याची लोकसंख्या दोन हजार आठशे. साहित्यिक निघाले तीनशे अकरा. म्हणजे दर नऊ माणसांमागे एक लेखक. (शेळ्यांचं प्रमाण याहून कमी पडतं.) त्यात अग्रक्रम अर्थातच भिमाजी आण्णांचा. त्यांच्या नावावर सहाशे एक्केचाळीस ग्रंथ: गरोदर स्त्रीचा आहार, घरगुती वायरिंग, संस्कृत व्याकरण, मधमाश्या पाळणे, आणि काही रहस्यकथा. आण्णांना सहीखेरीज काही लिहिताना कुणी पाहिलेलं नाही, आणि तरी एवढा व्यासंग! त्यांच्या खालोखाल 'दहावी ब, दोन हजार चारची बॅच' हे एक मोठं साहित्यिक नाव पुढे आलं. 'नवरीकडील मंडळी' या नावाने कुणीतरी बालसाहित्यात भरीव कामगिरी केल्याचं आढळलं. कैलासवासी लेखक बावीस होते आणि त्यांतले काही अजूनही दरवर्षी, वर्षश्राद्धाच्या सुमारास, नवी पुस्तकं लिहीत होते.

दगडाबाईंनी नवऱ्याच्या आठवणीसाठी संगमनेरातून चाळीस पुस्तकं आणून दिली होती. दुकानदाराने जी खपत नव्हती ती बांधून दिली. दगडाबाईंना अक्षरओळख नाही. नातवाने मोबाईलवर त्यांचं नाव दाखवलं, खाली विमानविद्येपासून आयुर्वेदापर्यंत पुस्तकांची नावं वाचून दाखवली. म्हातारी थक्क झाली. "आगं बया, येवढं म्या कवा लिवलं?" मग जरा विचार करून म्हणाली, "लिवलं आसंल. हे गेल्तं तवा माझं ध्यानच न्हवतं कशात."

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. नगरच्या एका पेपरात (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण जिभेला वळण लागायला वेळ लागेल) 'लेखकांचं गाव' म्हणून आमच्यावर अर्धं पान आलं. सुप्याच्या एका कारखान्याने सुरक्षा सप्ताहात आण्णांना वायरिंगवर बोलायला बोलावलं. आण्णा पाऊण तास बोलले, ते आपल्या १९८४ सालच्या सरपंचकीवर. टाळ्या पडल्या. वायरिंगबद्दल एकानेही प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न विचारला की वक्त्याचा अपमान होतो, ही जाण औद्योगिक वसाहतीतही शिल्लक आहे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना राजेश्वरी मध्ये आली.

राजेश्वरी ही आमच्याच गावची पोरगी. संगमनेरला क्लासमध्ये शिकवते, रोज एसटीने जाते-येते. तिला एक वाईट सवय आहे. ती लिहिते. म्हणजे खरोखरच, हाताने, स्वतः. पाच वर्षं खपून तिने एक पुस्तक लिहिलं, संगमनेरातून छापून आणलं, आणि पाडव्याच्या आधीच आमच्या मंगल कार्यालयात त्याचं प्रकाशन झालं होतं. आण्णांनी फीत सोडली आणि "ह्या पुस्तकानं आपल्या भागाचं नाव काढलं" असं भाषण केलं. आभार मी मानले. आभारांत मी म्हणालो, की पुस्तक मी एका बैठकीत वाचून काढलं, खाली ठेववेना. राजेश्वरीने पहिली प्रत सही करून आण्णांना दिली. आण्णा दिलदार माणूस. त्यांनी ती त्याच संध्याकाळी, पानांत अडकलेल्या फितीच्या तुकड्यासकट, वाचनालयाला देऊन टाकली. हनुमंताने नियमाप्रमाणे नोंद केली. लेखक: भिमाजी आण्णा.

तेच आण्णांचं सहाशे एक्केचाळिसावं.

आता नगरच्या एका संस्थेने राजेश्वरीला पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार द्यायचं ठरवलं होतं. जाहीर करण्याआधी त्यांनी इंटरनेटवर शहानिशा केली आणि तिला फोन लावला. "बाई, हे पुस्तक तर भिमाजी आण्णांचं दिसतंय. तुम्ही त्यांच्याकडून घेतलंत का?" परीक्षकांनी पुस्तक वाचलं नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. परीक्षक तीन होते आणि प्रती दोन; कुणी कुणाकडे मागायची हे ठरेपर्यंत निकाल लागला होता.

शनिवारी राजेश्वरी वाचनालयात आली. चेहरा लालबुंद. आण्णा पेपर बघत बसले होते.

"आण्णा, लोक मला चोर समजायला लागलेत," ती म्हणाली. "माझ्या पुस्तकावरचं तुमचं नाव काढा."

"आगं, लिव्हलं तूच, त्येला कोन न्हाई म्हनतं?" आण्णा म्हणाले. "पर दिलं म्या."

"मग मी देते! घ्या, माझ्याकडून घ्या एक प्रत." आणि तिने पिशवीतून पुस्तक काढून हनुमंतापुढे आपटलं.

हनुमंताने नियमाप्रमाणे पावती केली आणि लेखकाच्या रकान्यात तिचं नाव घातलं. मला वाटलं, झालं, सुंठीवाचून खोकला गेला. पण वेबसाइट हुशार असते. एकाच पुस्तकाला दोन लेखक दिसल्याबरोबर तिने आधीचा धरला आणि राजेश्वरीच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं: 'ही नोंद भिमाजी आण्णा यांच्या पुस्तकाची नक्कल असावी.' म्हणजे आधी नुसता संशय होता, आता जाहीर झालं.

राजेश्वरी तिथेच बाकावर बसली आणि रडली. आण्णा वाईट माणूस नाही, त्यांनाही कसंनुसं झालं. उठून तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुझं काढलं तर समद्यांचं काढावं लागंल. मग दगडाबाईचं काय करायचं? तू सांगतीस का तिला, की आजी, तुमी कायबी लिवलं न्हाई म्हनून?"

राजेश्वरीने डोळे पुसले आणि पिशवी उचलली. चांगल्या माणसाला गप्प करायला दुसऱ्या चांगल्या माणसाचं नाव पुरतं.

तरी तिने अर्ज केला म्हणून विशेष सभा बोलावली. तीनशे अकरा साहित्यिकांपैकी दोनशे एकोणनव्वद हजर होते. (उरलेले कैलासवासी.) इतकी गर्दी दुष्काळाच्या अनुदानालाही झाली नव्हती. एका पोरीपायी अख्ख्या गावाचं साहित्य बुडवायचं का, हा मुद्दा कळीचा ठरला. लेखकांची नावं बदलायची नाहीत असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पुस्तकं लिहिणारी म्हणून राजेश्वरीचा शाल देऊन सत्कार करावा, अशी उपसूचना आली. शाल कोण देणार यावर एकमत न झाल्याने ती मागे घेण्यात आली.

इकडे पुरस्कारवाल्यांनी तिला एक संधी दिली. कव्हरवरचं नाव त्यांना चालेना, कारण छापायला काय, कुणीही छापतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की गावातल्या एका तरी माणसाने फोनवर सांगावं: पुस्तक मी वाचलंय, त्यात अमुक अमुक आहे, आणि ते राजेश्वरीनेच लिहिलंय. एकच माणूस. दोन हजार आठशेंत तो काही जड नव्हता.

हनुमंताने कॉम्प्युटरमध्ये पुस्तक कोणकोण घरी घेऊन गेलं ते काढलं. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची गाइडं फाटेपर्यंत जातात. राशिभविष्याला नंबर लावावा लागतो. राजेश्वरीचं पुस्तक कपाटातून बाहेर गेलेलंच नव्हतं. प्रत काढून बघितली तर पानं एकमेकांना चिकटलेली, आणि फितीचा तुकडा होता तिथेच.

मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही वाचलंय ना? एका बैठकीत वाचलं म्हणालात. तुम्ही करा फोन."

"अगं, ते आभारातलं बोलणं," मी म्हणालो. "ती पद्धतच असते. आभार मानणाऱ्याने पुस्तकं वाचायची म्हटली तर आभाराला माणूस मिळायचा नाही."

तिने प्रत मिटून हनुमंताकडे दिली. "कुणी वाचलं नाही याचं मला वाईट नाही वाटत, काका. वाचलं म्हणून सांगितलंत ना, त्याचं वाटतं. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं होतं, एक माणूस मिळाला म्हणून."

मी तिला चहा विचारला.

फोन कुणी केला नाही. पुरस्कार 'पहिल्या पुस्तकाचा' होता आणि आण्णांचं हे सहाशे एक्केचाळिसावं, त्यामुळे तो त्यांनाही देता येईना. पण हॉल बुक झालेला, पाहुणे ठरलेले. शेवटी त्याचं नाव बदलून 'जीवनगौरव' केलं आणि आण्णांना दिला. आण्णा पुस्तकावर वीस मिनिटं बोलले. पुस्तकाविषयी एवढं मनापासून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. राजेश्वरी कार्यक्रमाला आली नाही. हल्ली ती लिहीत नाही असं हनुमंत सांगतो, आणि त्यामुळे वेबसाइटवर नवा गोंधळ व्हायची भीती उरलेली नाही.

आता तुम्हाला आमचा राग आला असेल. यावा. पोरीसाठी जीव हळहळला असेल, काय हे लोक म्हणून तुम्ही मान हलवली असेल. मान हलवून झाली असेल तर मला एकच सांगा: राजेश्वरीच्या पुस्तकाचं नाव काय? कथा होत्या, कविता होत्या, की आणखी काही? मी कुठेही सांगितलेलं नाही, कारण मला माहीत नाही. पण तुम्ही तर इतकं मन लावून वाचत होता, पहिल्यापासून तिच्या बाजूने होता. तुम्हाला विचारावंसं तरी कुठे वाटलं?

यंदा आमच्याकडे आभार मानायची जागा रिकामी आहे. तुम्ही अवश्य या.